आधी भिंत, मग दार

शनिवारी रात्री अकराला फोन वाजला की समजायचं, सर्व्हर बसलाय. मागच्या आठवड्यात तेच झालं. सवयीने 'डॉकर एक्झेक' मारलं, चालू कंटेनरमध्ये शिरलो, लॉग बघितला, एक सेटिंग तिथेच बदलली आणि झोपलो. झोपताना डोक्यात किडा: ही आत शिरायची सोय आली कधी?

तर मंडळी, गोष्ट जुनी आहे. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'सीएचरूट' आलं. प्रोग्रॅमला एक फोल्डर दाखवायचं आणि सांगायचं, हेच तुझं जग. पण बाकीच्या प्रोसेस त्याला दिसायच्याच. २००० मध्ये फ्रीबीएसडी ४.० ने 'जेल' आणलं आणि कैद्याला शेजारी दिसेनासे झाले. गंमत म्हणजे, चालू जेलमध्ये बाहेरून कमांड चालवायची सोयच नव्हती! लोक आत एसएसएच सर्व्हर बसवायचे. 'जेएक्झेक' आलं ते २००३ मध्ये, ५.१ बरोबर.

लिनक्सवाल्यांनीही तेच केलं. आधी नेमस्पेसच्या भिंती उभारल्या. आत जायची 'सेटएनएस' ही सिस्टम कॉल आली २०११ मध्ये, कर्नल ३.० सोबत, आणि प्रोसेसच्या नेमस्पेससाठी ती चालू लागली २०१३ मध्ये, ३.८ पासून. त्याच वर्षी डॉकर आलं. लोकांनी काय करावं? पुन्हा आत एसएसएच! 'डॉकर एक्झेक' मिळालं ऑक्टोबर २०१४ मध्ये, १.३ आवृत्तीत.

मुळात कंटेनर म्हणजे डबा नव्हेच. ती साधी प्रोसेस, फक्त तिला वेगळं जग दिसतं. एक्झेक त्याच जगात आणखी एक प्रोसेस सोडतं, इतकंच.

पण दार आलं की चोरही आलाच. २०१९ मध्ये डॉकरच्या पोटातल्या 'रनसी'त भोक सापडलं. आतल्या हल्लेखोराने सापळा लावायचा, तुम्ही भाबडेपणाने एक्झेक मारायचं, की तो बाहेरच्या मशीनवरची रनसीची फाईलच बदलणार आणि तिथला रूट होणार. उपाय म्हणून रनसी आता मूळ फाईल आतल्यांच्या हाती लागू देत नाही.

आणि माझी सेटिंग? सोमवारी नवीन कंटेनर चढला, ती गेली, सर्व्हर पुन्हा बसला. दारातून डोकावावं, दुरुस्ती मात्र इमेजमध्येच करावी.

असो. चहा गार झाला.