धुळाक्षरे आणि परवचा

मूल पाचव्या वर्षात आले, म्हणजे सुमुहूर्त पाहून त्यास अक्षरारंभ करवावयाचा, ही आपल्याकडील जुनी रीत. पाटावर बारीक धूळ पसरावयाची, पंतोजींनी मुलाचे बोट धरावयाचे आणि ‘ओ ना मा सी धं’ ही पाच अक्षरे गिरवून घ्यावयाची. मूळ वचन ‘ॐ नमः सिद्धम्’. बालमुखात झिजून त्याचा ‘ओनामा’ झाला, आणि कोणत्याही कार्याच्या प्रारंभास मराठीत तो शब्द कायमचा चिकटला. हे वचन जैनांचे की वैयाकरणांचे, या वादात आम्ही शिरत नाही. परंपरा मात्र फार जुनी आहे. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात येऊन राहिलेला चिनी यात्रेकरू इत्सिंग लिहितो, की येथील मुले सहाव्या वर्षी ‘सिद्धम्’ नावाच्या वर्णपाठाने विद्येस आरंभ करतात आणि सहा महिन्यांत तो पुरा करतात.

धुळीवर लिहिणे हा केवळ कागदाच्या टंचाईचा उपाय नव्हता. आपल्या अंकगणितासच जुन्या ग्रंथांत ‘पाटीगणित’ आणि ‘धूलिकर्म’ अशी नावे आहेत. धुळीत चुकलेले अक्षर तळहाताने पुसता येते, आणि अक्षराचे वळण डोळ्यांआधी बोटास कळते. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोम येथे आपले बालगृह उघडले, तेथे मुले खरखरीत कागदाची अक्षरे बोटाने गिरवीत. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरास बालमंदिर काढून ती पद्धती आपल्याकडे रुजविली, आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ती खेड्यातील मुलांपर्यंत नेली. दोहोंकडे बोट आधी, लेखणी मागून. पंतोजींची छडी मात्र गिजुभाईंनी बालमंदिराच्या उंबरठ्याबाहेर ठेवली, आणि ते योग्यच केले.

परंतु पंतोजींची शाळा ही अर्धीच शाळा होती. उरलेली अर्धी तिन्हीसांजेस घरी भरे. देवापाशी दिवा लागला, की हातपाय धुऊन मुलांनी मांडी घालून बसावयाचे आणि परवचा म्हणावयाचा. आधी शुभंकरोती, मग रामरक्षा अथवा भीमरूपी. त्यानंतर वार, महिने, तिथी, नक्षत्रे. आणि शेवटी पाढे. लहानग्यास यांतील अर्थ कळत नसे. तो थोरल्या भावंडांच्या सुरात सूर मिळवी, आणि शाळेत पाऊल पडण्यापूर्वीच दहापर्यंतचे पाढे त्याच्या जिभेवर बसलेले असत. परीक्षक बहुधा आजी. तिला अक्षरओळखही नसावयाची. पण चुलीपाशी बसल्या बसल्या ती ‘सात आठे’शी अडखळलेल्या नातवास अचूक पकडी. जिला शाळेचे दार बंद होते, त्या बहिणीचेही शिक्षण या ऐकण्यातच होई. ज्या जातींस पंतोजींनी ओटीवरही घेतले नाही, त्यांच्या मुलांना मात्र हे ऐकणेही दुर्लभ होते. परवच्याची थोरवी गाताना हे झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

महाराष्ट्राबाहेरील आपल्या वस्त्यांत या तासाला आणखी एक काम होते. बडोद्यास बाजार गुजरातीत, इंदूर-ग्वाल्हेरीस हिंदीत. मराठी म्हणून रोज कानी पडावयाची ती या दिव्यापुढे. गोव्याची गोष्ट अधिक बिकट. तेथे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने कोकणी बोली तीन वर्षांत टाकून द्यावी असा हुकूम काढला होता. हुकूम कागदावर राहिला, बोली घरात राहिली. देवळांच्या अग्रशाळांतून मुले मराठी अक्षर शिकत, घरी आईशी कोकणीत बोलत आणि तिन्हीसांजेस मराठीत परवचा म्हणत. त्यात कोणासही विसंगती वाटत नसे.

पाढ्यांतील खरी करामत अपूर्णांकांची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. सात आणे शेर दराने साडेतीन शेर तांदूळ घेतले, तर ‘सात औटे साडेचोवीस’ म्हणताच एक रुपया साडेआठ आणे हा हिशेब तोंडी निघे. सोळा आण्यांचा रुपया, चाळीस शेरांचा मण, गोव्याकडे वीस कुडवांची खंडी: असल्या व्यवहारात पाव-पाऊण जिभेवर असणे ही चैन नव्हती, गरज होती. १ एप्रिल १९५७ पासून देशात दशमान नाणी आली, १९५८ पासून वजनेमापेही टप्प्याटप्प्याने बदलली; १९६१ नंतर गोवाही याच व्यवहारात आला. औटकीचे काम संपले. तिच्यासाठी आम्ही अश्रू ढाळीत नाही.

नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. नक्षत्रे, महिने आणि रामरक्षा यांचा आण्या-पैशांशी काडीचाही संबंध नव्हता; तरी पुष्कळ घरांतून तीही औटकीच्याच गाठोड्यात बांधली गेली. आज शिशुवर्गातून परतलेले मूल इंग्रजी बडबडगीत हातवारे करून म्हणते, आई ते कौतुकाने ऐकते. आजीला मात्र त्यातली चूक पकडता येत नाही.