घासून गेलेलं नाव

यंदा गणपतीच्या आधी चार दिवस फोंडाघाटला घरी गेले. पाऊस नुसता ओतत होता. माळ्यावरून लामणदिवा आणि दोन समया खाली काढल्या, तर पितळ ओळखू येईना. अंगभर काळपट, खाचांत हिरवा कळंक.

मोठ्या समईच्या बैठकीवर टिंबाटिंबांनी घातलेलं नाव आहे. पणजीचं. असं घरात सांगतात खरं, पण त्यातलं 'सौ.' आणि शेवटचं 'बाई' एवढंच आता वाचता येतं. मधली अक्षरं घासून गेलीत. सातबाऱ्यावर पणजोबा आहेत, पणजी कुठेच नाही. सगळे तिला 'बाय' म्हणत, त्यामुळे बाबांनाही तिचं नाव ठाऊक नाही.

तिच्या सासूच्या काळी समई हा घरातला रोजचा उजेड असणार. कोकणात दिव्यात खोबरेल जळे, नाहीतर उंडीचं कडू तेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डब्यांतून रॉकेल आलं, चिमण्या आणि कंदील आले, आणि समई हळूहळू देवापुढे सरकली. मग वीज आली. रोज पुसली जाणारी वस्तू वर्षातून दोनदा खाली यायला लागली, वर्षाचं काळं एका दिवसात काढायचं म्हणून जोरात घासली जाऊ लागली. मला वाटतं नाव गेलं ते याच काळात. राख, रांगोळी, विटेची पूड... यातलं काहीही नुसतं काळं काढत नाही, खालचं पितळही थोडं नेतंच. मीही लहानपणी हौसेनं घासलंय. आजी ओरडायची, "जास्त घासू नको गो, झिजतली ती!" मला वाटायचं हिला कामाचा कंटाळा.

तिची रीत सोपी होती. आधी कढत पाण्यानं तेलकट काजळी काढायची. मग आमसुलं भिजवून कोळायची, मीठ घालायचं, हातानं चोळायचं आणि लगेच धुवायचं. पावसात ऊन कुठलं, म्हणून चुलीच्या वैलाजवळ सुकवायचं. 'लगेच'ला कारण आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. जस्त भारी पळपुटं! तांबं १०८५ अंशांना वितळतं, तर जस्त ९०७ला उकळून वाफच होतं. राजस्थानात जावरला ती वाफ मातीच्या मुशींतून धरून शेकडो वर्षं जस्त काढत. आंबटातही आधी तेच सुटतं. आमसुलात रात्रभर ठेवलेली समई म्हणूनच गुलाबी पडते, तांबं वर उरतं. (मुंबईच्या घरातल्या पितळी विजेच्या दिव्याला मात्र आमसूल लावू नका. त्यावर बहुधा लाखेसारखा पातळ थर असतो. वीज बंद करून ओलसर फडकं, मग कोरडं, बस्स.)

यंदा मी बैठक घासली नाही. नुसती धुतली, कोरडी केली आणि नावावर मेणाचा पातळ हात दिला. ज्योत वर असते, तिथवर आच पोचत नाही. सण झाल्यावर जुन्या सुती धोतरात गुंडाळून ठेवली. चारचौघींत ती जरा मळकीच दिसली, एक मावशी तसं बोललीही.

तिरक्या उजेडात बघितलं तर 'सौ.'च्या पुढे एक काना दिसतो आणि बहुधा 'ध'. राधाबाई? यशोदाबाईचा 'द' तर नसेल? आत्या, थोरल्या काकू, कुणाच्या ट्रंकेत जुनी लग्नपत्रिका किंवा पत्र असेल तर बघाल का?