जुन्या पुस्तकाचा भाव कोण ठरवतं?

सेमिस्टर संपली, की २०० डॉलरला घेतलेलं केमिस्ट्रीचं जाडजूड पुस्तक घेऊन तुम्ही कॅम्पसवरच्या दुकानात जाता. काउंटरवरचा माणूस बारकोड स्कॅन करतो आणि आकडा सांगतो. कधी १०० डॉलर, कधी १०, तर कधी सरळ 'हे आम्ही घेत नाही'. पुस्तक तर अगदी कोरं आहे! मग हा भाव येतो कुठून?

अमेरिकेतली जुनी रीत अशी : पुढच्या सत्रासाठी प्राध्यापकांनी तेच पुस्तक लावलं असेल, तर दुकान साधारण नव्याच्या निम्मी किंमत देतं. लावलं नसेल, तर घाऊक व्यापाऱ्याचा भाव, आणि तो बराच कमी असतो. नवी आवृत्ती आली की जुनी जवळपास रद्दी. घाऊक व्यापारी खरेदीभावांच्या याद्या छापायचे. यादी दुकानदाराच्या हातात असायची, विद्यार्थ्याच्या हातात नुसतं पुस्तक.

हे बदललं एका क्रमांकामुळे. आयएसबीएन १९७० साली आंतरराष्ट्रीय मानक झालं आणि प्रत्येक आवृत्तीला स्वतःची ओळख मिळाली. इंटरनेट आल्यावर तोच क्रमांक टाकून कुणीही घरबसल्या वेगवेगळ्या दुकानांचे भाव ताडून बघू लागलं. पुढे २००८च्या उच्चशिक्षण कायद्याने कॉलेजांना सांगितलं, की शक्य असेल तिथे कोर्सच्या यादीतच पुस्तकाचा आयएसबीएन आणि किंमत द्या.

पण भाव कळून उपयोग काय, विकायचा हक्कच नसेल तर? त्या हक्काचीही एक गोष्ट आहे. 'द कास्टअवे' या कादंबरीवर प्रकाशकाने छापलं होतं, की एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकायची नाही. न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानाने ती ८९ सेंटला विकली. १९०८ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं : एकदा विकलेल्या प्रतीवर प्रकाशकाची अशी हुकमत चालत नाही.

आता तुमच्या बॅगेतलं पुस्तक बघा. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या स्वस्त भारतीय आवृत्तीवर बहुधा ओळ असते, की विक्री फक्त भारत आणि शेजारच्या देशांत. मग ती अमेरिकेत विकली तर? हाच प्रश्न सुपाप किर्तसेंग या थाई विद्यार्थ्याच्या खटल्यात आला. घरच्यांकडून आशियाई आवृत्त्या मागवून तो ईबेवर विकायचा. वाइली प्रकाशनाने दावा लावला, आणि ज्यूरीने त्याला आठ पुस्तकांसाठी ६ लाख डॉलर भरायला सांगितले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो निकाल फिरवला. कायदेशीरपणे छापलेली, विकत घेतलेली प्रत परदेशात छापलेली असली, तरी ती पुन्हा विकायला कॉपीराइट आड येत नाही.

गंमत बघा, शंभर वर्षांच्या भांडणातून पक्का झालेला हा हक्क आता वेगळ्याच वाटेने निसटतोय. ई-बुक किंवा ॲक्सेस कोड घेताना तुम्ही प्रत विकत घेत नाही, ठरावीक मुदतीचा परवाना घेता. मुदत संपली की हातात काहीच नाही, आणि पुढच्या वर्षीच्या ज्युनिअरला द्यायलाही काही नाही.

म्हणून कोर्सच्या सुरुवातीला दोन किमतींची तुलना करताना छापील पुस्तकाचा आयएसबीएन शोधा आणि त्याचा आजचा जुना भाव वजा करा. स्वस्त दिसणारा कोड पुष्कळदा तितका स्वस्त उरत नाही.