आगोटीपूर्वीचे स्वयंपाकघर

महाराष्ट्रातील उन्हाळ्याच्या स्वयंपाकाचा इतिहास पाहू जाणाऱ्याने प्रथम ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, की चैत्र-वैशाखात आपल्या घरोघरी जे अन्न सिद्ध होत असे, त्यातील मोठा वाटा त्या ऋतूत खाण्यासाठी नसून आषाढ-श्रावणासाठी राखून ठेवण्यासाठी असे. मृगाचा पाऊस पडला की कोकणची बंदरे बंद होत, किनाऱ्यावर ओढून शाकारलेली गलबते नारळी पौर्णिमेपर्यंत पाण्यात उतरत नसत. घाटातून चालणारे बैलांचे तांडे थांबत, आठवड्याचे बाजार मोडत, लष्करे छावणीस जात, आणि प्रत्येक घर चार महिन्यांपुरता वेढा पडलेला किल्लाच होऊन बसे. किल्ल्याच्या अंबारखान्याची जी तजवीज हवालदार आणि कारखाननीस करीत, तीच घरात सासवा-सुना करीत. फरक इतकाच, की पहिल्यांचे हिशेब दप्तरात राहिले आणि दुसऱ्यांचे बरण्यांबरोबर रिते झाले. या तजविजीला कोकणात आगोटीची बेगमी म्हणत, आणि आपल्या उन्हाळी पाककलेचे सारे शास्त्र या दोन शब्दांच्या पोटात आहे.

देशावरची अडचण तर पावसाच्याही अगोदर सुरू होई. शाळू आणि हरभरा फाल्गुनात खळ्यावर आला की जिराईत शेत उघडे पडे, आणि ज्याच्या विहिरीला वैशाखातही मोट चालण्याइतके पाणी असे त्याच्याच मळ्यात काय ती गवार, भेंडी, दोडका, काकडी दिसे. पुण्याजवळ खडकवासल्याचे धरण १८८० च्या सुमारास पुरे होऊन कालव्याचे पाणी खेळू लागले, तेव्हा शहराच्या मंडईचे रूप पालटू लागले खरे. परंतु कालव्यापासून दूर असलेल्या गावांना उन्हाळा म्हणजे डाळी, पिठले, उसळी आणि कांदा यांचाच काळ राहिला. भाजीचा हा दुष्काळ आणि उन्हाचा हा सुकाळ, या दोहोंच्या संयोगातून वाळवणांचा जन्म झाला.

त्यांतल्या कुरडईची कृती पाहिली तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाचा साठा किती मोठा असावा याची कल्पना येते. गहू तीन दिवस भिजत घालून त्याचे पाणी रोज बदलायचे. चौथ्या दिवशी तो वाटून, गाळून चीक काढायचा. तो रात्रभर निवळू देऊन वरचे आंबूस पाणी हलक्या हाताने ओतून द्यायचे. मग हिंग-मीठ घातलेल्या आधणात चीक ओतून, गुठळी होऊ न देता तो घेरायचा आणि गरम आहे तोवरच सोऱ्यातून बाजेवर पसरलेल्या जुन्या धोतरावर पाडायचा. हे काम एकटीचे नव्हेच. आळीतल्या बायका आज हिच्या घरी तर उद्या तिच्या घरी जमत, आणि कावळे हाकण्याच्या नेमणुकीचा मेहनताना म्हणून मुलांना वाटीभर गरम चीक मिळे. खानदेशात ज्वारीच्या बिबड्या झाल्या, इतरत्र कोहळ्याचे सांडगे आणि खारवड्या झाल्या. मराठवाड्यात तर आमरसाबरोबर तळलेली कुरडई हवीच असा दंडक पडला. ज्या समाजाने उन्हालाच चूल केले, त्याच्या पाकशास्त्रात सरपणाची काटकसर हेही एक कलम होते, ही गोष्ट चवीच्या चर्चेत सहसा कोणी मोजत नाही.

या ऋतूची खरी अधिष्ठात्री मात्र कैरी. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौरीचे हळदीकुंकू चाले, आणि तेथे येणाऱ्या सुवासिनीच्या हाती आंब्याची डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे पडत. एकाही पदार्थाला फारसा विस्तव लागत नाही. कैरी उकडली की पन्ह्याचे काम संपले, आणि डाळ तर भिजवून वाटायची आणि वर फोडणी द्यायची. माझ्या मते आपल्या स्वयंपाकाचा सर्वांत जुना थर याच पदार्थांत शिल्लक आहे. मिरची ही अमेरिका खंडातली वनस्पती. ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने रचलेल्या मानसोल्लासात राजाच्या भोजनाचे सविस्तर प्रकरण आहे. त्यात हिंग आहे, मिरे आहेत, आले आहे, पण मिरची असणे शक्यच नव्हते. पन्ह्यातल्या कैरी, गूळ, वेलची आणि मीठ यांपैकी काहीही समुद्रापलीकडून आलेले नाही. आणि मेथांब्यातून मिरची काढून घेतली तरी मेथी, मोहरी आणि गूळ यांच्या बळावर तो मेथांबाच राहतो. लोणच्याचे तसे नाही. आज मिरचीच्या लालीवाचून कैरीचे लोणचे आपण ओळखणारही नाही. पण गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात आंब्याच्या ज्या खारवलेल्या प्रकारांचे वर्णन केले आहे, त्यात तेल, मीठ, शिर्का, ओले आले आणि लसूण हीच सामग्री येते. हा गृहस्थ मुंबई बेटाचा पोर्तुगीज सरकारकडून पट्टा घेतलेला खोत. आंबा त्याच्या स्वतःच्या बागेतला होता, तेव्हा त्याची साक्ष ऐकीव म्हणून सोडून देता येत नाही.

चारपाचशे वर्षांपूर्वीची पाहुणी मिरची घरची झाली, इतकेच नव्हे तर उपवासालाही चालू लागली, हे आपल्या धर्मशास्त्राचे औदार्य म्हणावे की विस्मरण म्हणावे? बटाटा दक्षिण अमेरिकेचा, साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो ब्राझीलकडचा. आणि एकादशीला गहू-तांदूळ वर्ज्य करणाऱ्या घरांच्या गच्चीवर उन्हाळ्यात साबुदाण्याच्या पापड्या आणि बटाट्याचा कीस निःशंकपणे वाळत असतो!

लोणच्याचा दुसरा आधार मीठ, आणि येथे स्वयंपाकघराची गाठ थेट सरकारशी पडते. शेरभर फोडींना पाव शेराच्या आसपास मीठ घातल्यावाचून लोणचे पावसाळा काढीत नाही. कोकमाची साले पुन्हा पुन्हा खारट रसात बुडवून वाळवावी लागतात. खारातली कैरी तर नावाप्रमाणेच मिठावर जगते. वर्षाच्या इतर महिन्यांत चिमटीने लागणारे मीठ या दोन महिन्यांत पायलीने लागे, आणि इंग्रज सरकारने १८८८ साली त्यावरचा कर मणामागे अडीच रुपये केला. पेण, उरण आणि शिरोडे येथली मिठागरे दृष्टीसमोर असताना कोकणातल्या कुळंबिणीने मीठ अशा महागाईने विकत घ्यावे, हा अन्याय समजावून सांगण्यास कोणा वक्त्याची गरज नव्हती. हा कर पुढे १९०७ साली रुपयावर आला, १९२३ साली पुन्हा अडीच रुपयांवर चढला आणि वर्षभरात निम्मा झाला. शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह १९३० च्या मे महिन्यातला, म्हणजे ऐन बेगमीच्या दिवसांतला आहे. चळवळीच्या इतिहासात तो राजकारणाच्या प्रकरणात येतो. त्याला बरण्यांच्या हिशेबातही जागा असली पाहिजे.

गुळांबा आणि साखरांबा यांच्यातला भेद चवीपेक्षा ऐपतीचा होता, एवढे सांगून पुढे जाऊ. साखर एकेकाळी चीन व मॉरिशसहून येणारी महागाची चीज होती. नगर जिल्ह्यात कारखाने उभे राहिल्यावर साखरांबा मध्यम घरांत रुळला, आणि १९४३ नंतरच्या रेशनिंगमध्ये काही वर्षे पुन्हा गुळांब्याला वाट देऊन मागे सरला.

या सर्व इमारतीचा पाया रायवळ आंबा हा होता. हापुसाचे कौतुक करणाऱ्यांशी माझे भांडण नाही. गोव्यातल्या पाद्र्यांनी कलमे बांधून जी जात सिद्ध केली ती खाण्यास अप्रतिम आहे. परंतु घराघरांची बेगमी तिने केली नाही, ती कोयीपासून वाढलेल्या झाडांनी केली. कोयीचे प्रत्येक झाड स्वतंत्र प्रकृतीचे असल्यामुळे घरोघरी त्यांना नावे होती: शेपूचा वास येणारा शेप्या, खोबऱ्या, शेंद्र्या, साखरगोटी. कोणत्या झाडाची कैरी लोणच्यात करकरीत राहते, कोणत्या झाडाचा रस साटे घालण्याजोगा दाट, कोणता आंबा नुसता चोखण्याचा, हे ज्ञान सुनेला सासूकडून मिळे. जमीन एकाची आणि वरच्या आंब्यात वाटा दुसऱ्याचा, अशा व्यवस्थाही कोकणात होत्या, आणि त्यांवरून भाऊबंदकीचे कज्जे चालत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाची चर्चा करताना आंबा-फणसाला हात लावू नये अशी जी ताकीद आहे, तिचे कारण रयतेने ही झाडे वर्षानुवर्षे लेकरांप्रमाणे जपलेली असतात, असे दिले आहे; अगदी जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे, बलात्कार करू नये. आरमाराची निकड असतानाही ज्या राज्याला हा विवेक सुचला, त्याला शेतकऱ्याच्या घरचा आषाढ कसा जातो हे ठाऊक होते.

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे सूपशास्त्र १८७५ साली प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून मराठीत पाककृतींचे लेखन अखंड चालू आहे. परंतु पुस्तक ‘कैऱ्या घ्याव्या’ एवढेच सांगते. कोणत्या झाडाच्या, ते सांगत नाही, कारण ते ज्याच्या त्याच्या गावचे ज्ञान आहे. कोळशासाठी, फळ्यांसाठी आणि रस्त्यांसाठी ही झाडे पडत चालली आहेत, आणि कोयीपासूनचे झाड एकदा गेले की ती चव पुन्हा जशीच्या तशी मिळत नाही. ज्यांच्या वाडीत किंवा बांधावर असे एखादे झाड अजून उभे आहे, त्यांनी घरातल्या वृद्धेला विचारून त्याचे नाव, त्याचा गुण आणि त्याच्या कैरीचे काय काय होते ते या उन्हाळ्यातच लिहून ठेवावे. आणि शक्य असेल तर कोय रुजवण्याच्या भरवशावर न राहता त्याच झाडाची काडी घेऊन एक कलमही बांधावे.