अर्सुला ले ग्विन : आपलीच सृष्टि पुन्हा तपासणारी लेखिका

मुलांसाठीं लिहिलेलें पुस्तक म्हणजे हलकें पुस्तक, ही समजूत फार जुनी आहे. अद्भुत कथा मुलांच्या, विज्ञानकथा हौशी वाचकांच्या आणि खरी कादंबरी तेवढी प्रौढांची, अशी वाङ्मयाची वाटणी टीकाकारांनीं कधींच करून टाकली होती. अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांनीं अर्ध्या शतकाच्या लेखनांत ही वाटणी कधीं मानली नाहीं.

त्यांचा जन्म १९२९ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें झाला. वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामांकित मानववंशशास्त्रज्ञ; आई थिओडोरा याहि लेखिका. परक्या समाजांच्या भाषा, चालीरीती आणि पुराणें हा त्या घराचा व्यासंगच होता. पुढें लेकीनें जे कल्पित देश उभे केले, त्यांना खऱ्या समाजांचें वजन आलें तें या संस्कारामुळें.

किशोरांसाठीं कांहीं लिहावें, अशी एका प्रकाशकानें विनंती केल्यावरून त्यांनीं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी लिहिली. ती १९६८ सालीं प्रसिद्ध झाली. जादूगार म्हटला कीं पांढऱ्या दाढीचा वृद्धच डोळ्यांपुढें येतो. पण तोहि एके काळीं पोरच असणार, मग तो ही विद्या शिकला कोठें? या साध्या प्रश्नांतून गेड हा तांबूस वर्णाचा, शेळ्या राखणारा मुलगा जन्मास आला. गर्वाच्या भरांत तो एक काळी छाया जगांत सोडतो, आणि अखेर तिला स्वतःचेंच नांव देऊन मुक्त होतो.

पुढच्याच वर्षीं आलेल्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' या विज्ञानकादंबरींत त्यांनीं असा मानवसमाज कल्पिला, कीं जेथें कोणीहि कायमचा पुरुष नाहीं वा कायमची स्त्री नाहीं. तिला ह्यूगो व नेब्युला हीं दोन्ही पारितोषिकें मिळालीं. लागोपाठ १९७२ सालीं अर्थसीचा तिसरा भाग निघाला, आणि त्यासहि बालवाङ्मयाचें राष्ट्रीय पारितोषिक लाभलें.

तथापि अर्थसींत एक उणीव राहून गेली होती. तेथील विद्यापीठ केवळ पुरुषांचें. स्त्रियांची जादू तेवढी क्षुद्र मानलेली. स्त्रीपुरुषभेदाचा इतका मूलगामी विचार करणाऱ्या लेखिकेनें आपल्याच द्वीपांवर जुनीच रीत चालूं दिली होती. अठरा वर्षांनीं, १९९० सालीं, 'तेहानू' लिहून त्या तेथें परतल्या. या वेळीं कथेच्या मध्यभागीं महापराक्रमी जादूगार नाहीं, तर एक विधवा शेतकरीण आणि तिनें सांभाळलेली, आगींत होरपळलेली मुलगी आहे. गेड येतो, पण शक्ति गमावून. जुन्या चाहत्यांपैकीं कित्येकांना हें रुचलें नाहीं.

२०१४ सालीं नॅशनल बुक फाउंडेशनचें सन्मानपदक स्वीकारतांना, वाङ्मयाच्या पंगतीबाहेर ठेवलेल्या अद्भुत व विज्ञान कथाकारांनाहि त्यांनीं त्या मानांत वांटेकरी केलें. २०१८ सालीं त्या निवर्तल्या.

ज्याला मुलांचें पुस्तक हलकें वाटतें, तो अठरा वर्षांनीं त्यांतील चूक दुरुस्त करावयास परत जात नाहीं.