काचेच्या घरातील साथ

मासा पाण्यात राहतो, तेव्हा पाणी मिळाले की त्याचे भागते, असा आपल्या सर्वांचा समज असतो. समुद्रातील रंगीत मासा विकत आणून काचेच्या टाकीत सोडणाऱ्या हौशी माणसाचा हा समज बहुधा पंधरवड्याच्या आत दूर होतो. आणल्या दिवशी मासा तेजस्वी दिसतो. चार-सहा दिवसांनी त्याच्या परांवर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके उमटतात. तो दगडाला अंग घासू लागतो, त्याचे कल्ले भराभर हलतात, अन्नावरची वासना जाते. आणि पुढे तो एकटा मरत नाही. टाकीत वर्षभर सुखाने नांदलेले जुने मासेही त्याच्या मागोमाग जातात. घरची मंडळी म्हणतात, "नवा आला आणि रोग घेऊन आला." ह्या वाक्यात सत्य किती आणि अन्याय किती, हे पाहण्यासाठी ह्या रोगाचा व त्याच्या उपचाराचा इतिहास आम्ही आज आपल्यापुढे मांडीत आहोत.

लोकांना पाहण्यासाठी उघडलेले पहिले मत्स्यालय १८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात सुरू झाले. पुढे युरोप-अमेरिकेच्या मोठ्या शहरांतून अशी मत्स्यालये निघाली. आगबोटींचा वेग वाढला, तसे उष्ण समुद्रातील प्रवाळांमध्ये राहणारे मासेही तेथे येऊ लागले. आणि त्यांच्याबरोबर साथीही आल्या. परंतु साथ कशाची, हे समजावयास बराच काळ जावा लागला. १९३१ साली लंडनच्या मत्स्यालयातील माशांच्या कल्ल्यांवर व त्वचेवर राहणाऱ्या एका एकपेशी जीवाचे वर्णन ई. एम. ब्राउन यांनी प्रसिद्ध केले. आज त्याला 'अमायलूडिनियम' म्हणतात. हा जीव माशाच्या अंगावर सोनेरी धुळीसारखा दिसतो. मात्र पुष्कळदा ती धूळ डोळ्यांना दिसण्यापूर्वीच कल्ले निकामी होऊन मासा गुदमरतो.

ह्या जीवाचे सारे आयुष्य उलगडून दाखविणारा दुसरा महत्त्वाचा अभ्यास न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातील रॉस निग्रेली यांनी १९३६ साली प्रसिद्ध केला. ते मत्स्यालय ज्या इमारतीत होते तिची हकीकत ऐकण्यासारखी आहे. 'कॅसल गार्डन' नावाची ती जुनी गढी १८५५ ते १८९० पर्यंत परदेशांतून येणाऱ्या निर्वासितांची व मजुरांची नोंद घेण्याचे ठाणे होती. सुमारे ८० लक्ष माणसे गाठोडी घेऊन त्या दारातून अमेरिकेत शिरली. १८९६ साली तेथेच मत्स्यालय उघडले. जेथे नवख्या माणसांची विचारपूस झाली, तेथेच पुढे नवख्या माशांच्या रोगांचा तपास लागला!

तपास लागला तो असा. माशाच्या अंगावर हा जीव काही दिवस पोसतो, मग गळून तळाशी पडतो व स्वतःभोवती कवच करून घेतो. कवचात तो दुभागत जातो. एकाचे दोन, दोनाचे चार असे करीत एका कवचातून २५६ पर्यंत पिल्ले बाहेर पडू शकतात व पोहत पोहत नवा मासा शोधतात. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा जीव वेगळ्या जातीचा, पण त्याची तऱ्हा हीच. त्याला 'क्रिप्टोकॅरिऑन' हे नाव ब्राउन यांनीच १९५१ साली दिले. योगायोग असा की, त्याच वर्षी मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि आपल्याकडील सामान्य माणसाला समुद्रातला मासा काचेपलीकडून पाहता येऊ लागला.

आता खुल्या समुद्राचा विचार करा. तेथेही हे जीव आहेत. पण ठिपक्यांच्या जीवाचे पिल्लू फार तर एक-दोन दिवस जगते, आणि पहिल्या काही तासांतच त्याची मासा पकडण्याची ताकद ओसरू लागते. अफाट पाण्यात तेवढ्या वेळात मासा गाठणे कठीण. म्हणून बहुतेक पिल्ले उपाशी मरतात. टाकीत मात्र मासा हातभर अंतरावर असतो. तोच तो मासा, तेच ते पाणी, रात्रंदिवस! समुद्रात जो किरकोळ त्रास असतो, तो काचेच्या घरात साथ होतो. आम्ही कामगारांच्या वस्त्यांतून आयुष्य काढले आहे. एका खोलीत पंधरा माणसे निजू लागली म्हणजे खोकल्याचे काय होते, हे आम्हांला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

शिवाय नवा मासा येतो तो कसा? फिलिपिन्सच्या प्रवाळांत १९६०च्या दशकापासून मासे गुंगवून धरण्यासाठी सायनाइडचे विष वापरले गेले. मग हातोहात विक्री, उपासमार, पिशवीतले कोंडलेले पाणी, लांबचा प्रवास. असा थकलेला जीव रोगाला बळी पडला तर नवल ते काय?

उपचाराचा धागा मात्र आपल्या शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. द्राक्षांवरील केवड्यासाठी मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण फ्रान्सच्या बोर्डो भागात मिलार्दे यांनी १८८५ साली प्रसिद्धीस आणले. १९०४ साली अमेरिकेत मूर आणि केलरमन यांनी जलाशयातील शेवाळ मोरचुदाने मारण्याची रीत सांगितली. आणि १९५५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातील रॉबर्ट डेम्प्स्टर यांनी हेच मोरचूद माशांच्या ह्या साथीवर चालते, असे दाखविले. मात्रा अगदी सूक्ष्म: लिटरला सुमारे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे, म्हणजे हजार लिटरच्या टाकीत पाव ग्रॅमाहूनही कमी. कमी पडले तर रोग जगतो, जास्त झाले तर मासा मरतो. शंख, कोळंबी, प्रवाळ यांना तर एवढेही तांबे विषच. पुन्हा समुद्राच्या पाण्यात तांबे टिकत नाही. चुनखडीचे दगड व वाळू ते ओढून घेतात. म्हणून रोज पाणी तपासून मात्रा राखावी लागते.

येथेच पुष्कळांची चूक होते. ठिपके गेले की मासा बरा झाला असे समजून ते औषध थांबवितात. वास्तविक ठिपके गेले म्हणजे शत्रू तळाशी जाऊन कवचात बसला! त्वचेखाली असताना आणि कवचात असताना तांबे त्याला पोहोचत नाही. तो उघड्यावर पोहतो त्या काही तासांतच मरतो. सगळी कवचे फुटेपर्यंत औषध आठवडेच्या आठवडे चालू ठेवणे भाग असते. १९८० नंतर इस्राएलमधील एलात येथे अँजेलो कोलोर्नी यांनी पाण्याचा खारटपणा बराच उतरवून ठिपक्यांचा रोग आवरता येतो, हे दाखविले. पण सोनेरी धुळीचा जीव कमी खारट पाण्यातही तगतो. तेव्हा आधी रोग ओळखावा, मग औषध काढावे, हा वैद्यकाचा जुना नियम येथेही सुटत नाही.

सर्वांत खात्रीचा उपाय मात्र औषधाहून जुना आहे. एड्रियाटिक समुद्रावरील रागूसा नगराने १३७७ साली प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना महिनाभर बाहेर थांबविण्याचा नियम केला. पुढे चाळीस दिवसांची मुदत रूढ झाली व त्यावरून 'क्वारंटाइन' शब्द आला. नवा मासा वेगळ्या टाकीत चार ते सहा आठवडे ठेवावा. तिला जाळी वेगळी, भांडी वेगळी. तळ मोकळा, लपावयास दोन नळकांडी, खाणे उत्तम. एवढे केले तर दोन्ही घरे वाचतात.

वेगळे ठेवणे म्हटले की आपल्या मनात १८९७ सालचे पुणे उभे राहते. घरात शिरणारे सोल्जर, ओढून नेलेली माणसे, उघड्यावर टाकलेले संसार. रोग थांबविण्याच्या नावाखाली माणसाचा अपमान झाला, म्हणून ती आठवण आजही कडू आहे. परंतु दोष वेगळे ठेवण्यात नव्हता. ज्याला वेगळे ठेवले त्याला अपराधी मानण्यात होता. चांगला मत्स्यपाल नव्या माशाला दूर ठेवतो तो त्याला विसावा मिळावा, अन्न मिळावे, त्याचे दुखणे ओळखू यावे म्हणून. नव्याने रोग आणला हे अर्धे सत्य आहे. त्या रोगाची साथ झाली ती आपण बांधलेल्या कोंदट घरामुळे, हे उरलेले अर्धे. गावात, गिरणीत किंवा चाळीत नवा माणूस येईल तेव्हा हे दुसरे अर्धे आपण आधी आठवू या.