आईची 'हार्मोनची ट्यूब'

आपली खानदेशी माणसं भुसावळ-सुरत गाडीने आली, लूमवर लागली, बमरोली-पांडेसरा-उधन्यात खोल्या घेऊन राहिली. हे सगळेच सांगतात. घरातल्या बायांचं कुणी लिहीत नाही, म्हणून हे.

आईची पाळी सत्तेचाळिसाव्या वर्षी गेली. अंगातून वाफा निघायच्या, कातडी कोरडी पडली, गालावरचे वांग जास्तच दिसायला लागले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "मेडिकलमधून ही ट्यूब आण, हार्मोनची आहे." चिठ्ठी कुणी मागितली नाही. पंधरा दिवसांत चेहरा खरंच उजळला, बाया नाव विचारू लागल्या.

वर्षभरात कातडी पातळ आणि लाल झाली, हनुवटीवर लव आली. बंद केलं की आग व्हायची, म्हणून आई पुन्हा लावायची. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब पाहून सांगितलं, यात स्टिरॉइड आहे.

मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. स्टिरॉइड हेही शरीरातल्या कॉर्टिसोल हार्मोनच्याच जातीचं. १९५२ साली अमेरिकेत त्वचारोगांवर असं मलम लावून गुण आला. १९७५ साली क्लिगमन या डॉक्टरांनी चेहऱ्यावरचे डाग घालवायला हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड एकत्र केलं. असं औषध डॉक्टरांच्या नजरेखाली, थोडे दिवस लावायचं. आपल्याकडे त्याची गोरेपणाची क्रीम झाली.

पाळी जाताना कमी होतो तो हार्मोन वेगळाच, इस्ट्रोजेन. तो १९२९ साली शोधून वेगळा काढला आणि पुढच्या दहा वर्षांत परदेशात त्याचीही चेहऱ्याची क्रीम विकली गेली. कल्पना अगदीच वेडी नव्हती. पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलेजन जवळजवळ ३० टक्के कमी होतं. पण इस्ट्रोजेन कातडीतून रक्तात उतरतं, स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईला ते धोक्याचं, आणि वांग त्यानेच वाढू शकतात. म्हणजे आईला ते मिळालं असतं तरी वांगासाठी उपयोगाचं नव्हतं.

२०१८ साली सरकारने १४ प्रकारच्या स्टिरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तोवर आईची ट्यूब डॉक्टरांनी हळूहळू सोडवली होती. कातडी सावरायला कित्येक महिने गेले. आता ती फक्त साधं मॉइश्चरायझर आणि उन्हाची क्रीम लावते.

त्या काळी पाळी जाण्याबद्दल बोलायची लाज, म्हणून औषधही कुजबुजत मिळायचं. तुमच्या आई-मावशींच्या कपाटात अशी ट्यूब होती का? अजून असेल तर एकदम फेकू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.